तीन नंबर

कडेगावला आयटीआयच्या मैदानावर
चुन्यानं आखलेला गोल,
गोलात चार गाई, पाठीवर खडूनं नंबर.
बारा मिनिटं. हात लावायचा नाही.
नुसतं बघायचं, क्रम लावायचा,
मग माइकवर येऊन कारणं सांगायची.

सकाळीच डोळे बांधून वास ओळखायचं झालं होतं,
सरकी, मका, शेंगपेंड,
आणि फसवायला ठेवलेला लाकडाचा भुसा.
शाळगावच्या अल्फियानं तोही ओळखला,
"बाभळीचा," म्हणाली. तिच्या चुलत्यांची वखार आहे.
नेवरीच्या विराजचं वासरू रिंगणात बसलं ते उठेचना,
तर तोही शेजारी मांडी घालून बसला.
त्याला संयमाचे दोन मार्क जास्त.
मी लॅक्टोमीटर बरोबर वाचला,
तापमानाची दुरुस्तीसुद्धा विसरले नाही.
म्हणजे दुपारपर्यंत मी पुढं होते.

मग हा गोल.
एक नंबर: मान कोरडी, पाठ सुतात, खूर थोडे पसरट.
दोन नंबर: पोटाखालची शीर बोटाएवढी, नागमोडी.
तीन नंबर:
डाव्या बरगडीवर काळा डाग,
वर पसरट, खाली निमुळता,
वर्गातल्या भिंतीवरच्या भारतासारखा,
फक्त गुजरात नाही.

तिला आम्ही नकाशी म्हणायचो.
गोठ्यात कोबा केला त्या वर्षी दिलेली.
आप्पा म्हणाले होते, एक गेली
तर सात जणी कोरड्यात उभ्या राहतील.
हिशेब बरोबर होता. सातही जणी
अजून कोरड्यात उभ्या आहेत.

मी खोकलेसुद्धा नाही, आवाज ओळखेल म्हणून.
चार नंबरकडं मुद्दाम जास्त वेळ बघितलं.
कार्डावर लिहिलं: दोन, एक, चार, तीन.
आपलं म्हणून वर लावलं असं कुणी म्हणायला नको,
कुणाला माहीत नव्हतं तरी.

माइक हातात आला.
"दोनला एकच्या वर ठेवते, कारण
तिची कास मागून उंच आणि रुंद जोडलेली आहे.
तीनला शेवटी ठेवते, कारण..."

कारण तिचा मागचा डावा सड बारीक धारेचा.
कारण तिला चिमटीनं चालत नाही, पूर्ण मूठ लागते.
कारण शेवटचं वाटीभर ती चढवून धरते
आणि कपाळ पोटाला टेकवलं तरच सोडते.
यातलं काहीच बाहेरून दिसत नव्हतं.
जे दिसतं तेवढंच बोलायचं, असा नियम होता.

"...कारण मागचे पाय जरा जास्तच सरळ आहेत."

कर्णा घुमला. तीन नंबरचे कान
आधी कर्ण्याकडं वळले, मग माझ्याकडं.
हंबरली नाही. दाव्याला ओढ दिली नाही.
उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं जात होत्या,
त्यांच्याकडं बघत असल्यासारखी उभी राहिली,
आणि तिच्या कासेखाली मातीवर
एक ओला ठिपका पडला. मग दुसरा. मग तिसरा.
चौथ्या सडाखालची माती कोरडीच.

डॉक्टर मुल्ला सरांनी त्यांचा क्रम वाचला:
दोन, तीन, एक, चार.
"पाय चांगलेत की तिचे," ते मला म्हणाले,
"मग एवढी मागं का टाकलीस बाळ?"
मी बुटाच्या टोकानं चुना उकरत राहिले.
सर वाकले, ते तीन ठिपके बघितले,
चौथ्या जागी बोट लावलं, चष्मा वर केला,
काहीतरी विचारणार होते. विचारलं नाही.
माझ्या कार्डावर शिसपेन्सिलीनं काय लिहिलं
ते मला अजून माहीत नाही.

उत्तेजनार्थ म्हणून पाच लिटरची किटली मिळाली.
अंबकला पोचले तर धारांची वेळ झालेली.
आप्पांनी किटलीचं झाकण उघडझाक करून बघितलं.
"चांगली आहे. चुकलीस कुठं?"
"पायात."
"कुणाच्या?"

मी कास धुवायला बसले.